लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं, असं लिहू नकोस

प्रिय अनू,

मेडिकल कॉलेजच्या अर्जासाठीच्या तुझ्या पर्सनल स्टेटमेंटचा, म्हणजे स्वतःबद्दलच्या निबंधाचा, ड्राफ्ट काल दोनदा वाचला. छान लिहितेस गं, पण पहिलंच वाक्य, "लहानपणापासून मला डॉक्टर व्हायचं होतं", ते काढून टाक बाई. खरं नाहीये ते. अकाउंटिंग तू हौसेने घेतलंस, इतकी वर्षं ऑडिटमध्ये मन लावून काम केलंस, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

स्पेस धरून ५३०० कॅरेक्टर मिळतात आणि त्यातली निम्मी तू उशीर झाला उशीर झाला करण्यात घालवलीयेस. त्यापेक्षा ॲम्ब्युलन्स स्क्वॉडची ती रात्र लिही ना. पहाटे घरी आलीस, बूटही न काढता जिन्यात बसलीस आणि सांगतच राहिलीस, त्या आजोबांना धाप लागलेली, आजींना घाबरून एकाही औषधाचं नाव आठवेना, मग तू किचनमधल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून घेतल्यास आणि वाटेत एकेक लेबल वाचून यादी केलीस, तर अंगातलं पाणी काढायची गोळी महिनाभर रिफिलच केली नव्हती. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, अशी यादी पेशंटबरोबर आली की वर डॉक्टरांचा किती वेळ वाचतो ते मी रोज बघते. तारखा जुळत नाहीत हे तुलाच का दिसलं, तर ते ऑडिटचं डोकं आहे. हे लिही, हे तुझ्याशिवाय कोणी लिहू शकणार नाही.

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतल्या सी ची काळजी करत बसू नकोस. कोर्स परत केलास तरी एएमसीएएस (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांचे अर्ज एकत्र घेणारी सेवा) दोन्ही ग्रेड धरतं, ते काही पुसलं जाणार नाही, पण आता नोकरी सांभाळून संध्याकाळच्या क्लासला ऑरगॅनिकमध्ये ए आणलास तो पण त्याच कागदावर दिसणार आहे ना.

बाबा म्हणतात याच वर्षी अर्ज भर. मला अजिबात पटत नाही. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, ऑगस्टमध्ये दिलीस तर स्कोअर यायलाच सप्टेंबर उजाडणार, आणि ॲडमिशन रोलिंग असतं, म्हणजे अर्ज येतील तसे बघत जातात, जूनमध्ये भरलेल्यांचे तोवर इंटरव्ह्यू सुरू झालेले असतात. नाही झालं तर पुढच्या वेळी रीॲप्लिकंट, मग मागच्या वेळेपासून काय बदललं ते लिहीत बसा. त्यापेक्षा बायोकेमिस्ट्री संपव, एमकॅट मार्च-एप्रिलमध्ये दे आणि जून लागला की पहिल्या आठवड्यात सबमिट कर. एक वर्ष जाईल, जाऊ दे. एकदाच भर पण नीट भर.

डीओ कॉलेजंही, म्हणजे एमडीऐवजी ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची डॉक्टरकीची पदवी देणारी, सोडू नकोस. तिथे वयाने मोठी मुलं बरीच घेतात, पुढे रेसिडेन्सी तीच, प्रॅक्टिसचे हक्क तेच. स्ट्रॅटफर्डचं रोवन तर घरापासून लांब पण नाही. मंडळातल्या काकू विचारतील एमडी का नाही म्हणून, त्यांच्याशी मी बोलेन.

पैशाचं मात्र बसून बघावं लागेल. १ जुलै २०२६ पासून नवीन मुलांना ग्रॅड प्लस हे सरकारी लोन बंद, फेडरल लोन वर्षाला ५०,००० डॉलर आणि सगळं मिळून २ लाखांपर्यंतच. बऱ्याच प्रायव्हेट कॉलेजांचा खर्च फी आणि राहणं धरून याच्या कितीतरी वर जातो, म्हणून इन-स्टेट, म्हणजे आपल्याच राज्यातली, कॉलेजं यादीत आधी टाक. वरचं काय लागेल ते मी आणि बाबा बघतो, आमचं यावर बोलणं झालंय आणि दोघांनी मनापासून ठरवलंय, त्यामुळे हे ओझं डोक्यावर घेऊन अभ्यासाला बसू नकोस.

आणि हो, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजला एक स्टॅटिस्टिक्सचा क्लास केला होतास बघ, त्याची पण ट्रान्सक्रिप्ट लागते, एक क्रेडिट असलं तरी प्रत्येक कॉलेजची द्यावी लागते. मागवलीस का ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई