स्पिटफायरच्या मागचे टेलिफोन

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला दुसऱ्या महायुद्धातल्या, जर्मनीविरुद्धच्या ब्रिटनच्या हवाई लढाईवरचा लेख आवडला, पण एक तक्रार आहे. सगळं श्रेय स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला आणि त्याच्या वैमानिकांना देऊन लेखक मोकळे झाले. १९४० च्या त्या उन्हाळ्यात ब्रिटनचीच हरिकेन विमानं संख्येनं जास्त होती आणि शत्रूची जास्त विमानंही त्यांनीच पाडली. पण तो वाद बाजूला ठेवू.

जर्मनांकडे रडार नव्हतं असा लेखाचा सूर आहे. होतं, आणि चांगलं होतं. नव्हती ती त्यामागची जोडणी. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे 'चेन होम' रडार मनोरे समुद्राकडे तोंड करून उभे. विमानं किनारा ओलांडून आत शिरली की ते आंधळे. पुढचं काम ऑब्झर्व्हर कोअरच्या हजारो स्वयंसेवकांचं, त्यांच्याकडे दुर्बीण, कान आणि टेलिफोन. रडारची बातमी लंडनजवळच्या बेंटली प्रायरी या लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयातल्या फिल्टर रूममध्ये चाळून निघायची आणि काही मिनिटांत खालच्या ठाण्यांमधल्या नकाशांवर विमानांच्या जागा दाखवणारे ठोकळे सरकायचे. त्यामुळे मोजक्या तुकड्यांना दिवसभर गस्तीत पेट्रोल जाळावं लागलं नाही. शत्रू जिकडून येतोय तिकडेच त्यांना धाडता आलं. हे त्या दलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी युद्धाच्या आधीच उभं करून ठेवलं होतं.

१२ ऑगस्टला दक्षिण किनाऱ्याजवळच्या व्हेंटनॉरचं रडार जर्मन बॉम्बहल्ल्यात बंद पडलं. जर्मनांनी तोच धागा धरला असता तर? पण तीनच दिवसांनी जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोरिंगनं रडारकेंद्रांवरचे हल्ले फारसे उपयोगाचे नाहीत असं ठरवलं. नशीबही लागतं, हे मान्य करायला हवं!

ऑगस्टअखेरीस लंडनजवळच्या बिगिन हिल विमानतळाच्या ऑपरेशन्स रूमवर बॉम्ब पडला. हवाईदलाच्या महिला दलातल्या एल्स्पेथ हेंडरसन आणि हेलन टर्नर शेवटपर्यंत टेलिफोनपाशी बसून होत्या. दोघींना मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळालं. नंतर ते काम गावातल्या एका दुकानातून चालवलं गेलं. लेखात या दोघींचा उल्लेखच नाही.

डाउडिंग यांचं नाव मात्र आलंय, एकदाच, फोटोखाली. लढाई जिंकल्यावर नोव्हेंबरमध्येच त्यांना पदावरून हटवलं गेलं, हेही लेखकांनी सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी दुसरा भाग आहे, असं वाचलं. त्यात थोडी जागा या माणसांना मिळावी.

आपला,
एक नियमित वाचक