चिलटांचं इन्सुलिन

चि. सुजय यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर ‘फळमाशी’ म्हणालास आणि बाबांना वाटलं, हापूसवर पडणाऱ्या माशीचं औषध काढतोयस. वाडीत सांगूनही आले. तुझी माशी म्हणजे पिकल्या केळ्यावरचं चिलट, हे कळल्यावर जरा हिरमुसलेच.

तू पाठवलेलं मी दोनदा वाचलं. त्या चिलटाच्या अळीच्या मेंदूत इन्सुलिन करणाऱ्या जेमतेम १४ पेशी! आणि २००२ साली स्टॅनफर्डच्या लोकांनी त्या नेमक्या मारल्या, तर अळ्या खुरटल्या, वाढायला उशीर झाला, अंगातली साखर चढली. म्हणजे माझंच दुखणं की रे!

जनुकांचं मात्र डोक्यात शिरेना. शेवटी माझ्यापुरतं असं लावून घेतलं. ‘फॉक्सओ’ नावाचं ते प्रथिन म्हणजे घरातला चिकट कारभारी. अळी खाऊनपिऊन असली की इन्सुलिन त्याला ओटीवरच बसवून ठेवतं, पेशीच्या केंद्रकाच्या माजघरात, म्हणजे जनुकं असतात तिथे, येऊ देत नाही. उपास पडला की तो आत शिरतो आणि प्रथिनं बनवण्याला आवर घालणारं जनुक चालू करतो. वाढ थांबते. पण त्याच वेळी इन्सुलिन टिपणाऱ्या रिसेप्टरचं जनुकही वाढवून ठेवतो, पुन्हा खायला मिळालं की पेशीला लगेच कळावं म्हणून. चिकट असला तरी धोरणी हो. आमच्या एकादशीला एवढी अक्कल नसते, संध्याकाळी साबुदाण्याने साखर कुठल्या कुठे जाते.

मग मीही बरणीत केळं ठेवलं. चिलटं घोंघावू दिली आणि दुसऱ्या दिवशी वर मलमलचं फडकं बांधलं. पाच-सहा दिवसांनी तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या काचेवर चढू लागल्या. बाबांचं भिंग लावलं तर तोंडातला काळा आकडा आतबाहेर होताना दिसला. त्यांचं खाणं तेव्हा सुटलेलं असतं ना? अशा वेळी चरबीतच त्यांच्या आठ प्रकारच्या इन्सुलिनांपैकी सहाव्याचं जनुक जोरात चालू होतं, हे तू लिहिलेलं आठवलं आणि मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

काल बाबांनी मला न विचारता बरणी परसात नेऊन उघडली. आज दुसरं केळं ठेवलंय, फळीवर, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी.

तुझी,
आई