उड्डाणाचे डाग, मुक्कामाचे डाग

प्रिय अव्या,

तुझं पत्र आणि सोबतचे तुझ्या प्लॅस्टिकच्या डाकोटा मॉडेलचे फोटो मिळाले; दोन इंजिनांचं ते जुनं मालवाहू विमान तुला बेवारस पडलेलं दाखवायचं होतं. ‘तीन महिने खपलो आणि विमान बेवारस दिसायच्या ऐवजी चिखलात लोळून आलेल्या पोरासारखं दिसतंय’ हे वाचून आधी पोटभर हसलो, मग भिंग घेऊन फोटो पाहत बसलो. तुझं म्हणणं खरं आहे, उगाच गोड बोलत नाही. पण विमान फेकू नकोस. जोडकाम इतकं सुरेख झालंय की पंखाच्या सांध्यात मला केसभरही फट सापडली नाही. बिघडलंय ते रंगानंतर, आणि ते निस्तरता येतं.

तू केलंयस ते वापरातलं विमान आहे, टाकून दिलेलं नाही. एक्झॉस्टमागे, म्हणजे इंजिनाच्या धुराड्यामागे, गडद काजळी, पंखाच्या मुळाशी बुटांनी घासलेला रंग, इंजिनाखाली ताजं चकचकीत तेल, ही सगळी रोज उडणाऱ्या विमानाची लक्षणं. ज्या दिवशी ते कायमचं उभं राहिलं त्या दिवशी काजळी वाढायची थांबली. पुढची सगळी कारागिरी ऊन, पाणी आणि वाऱ्याची. आणि तो तांबडा गंज! अरे, डाकोटाचं अंग ॲल्युमिनियमचं. ते तांबडं होत नाही, मळकट राखाडी पडतं आणि फार झालं तर पांढरी भुकटी धरतं. तांबडा रंग फक्त पोलादी भागांना, म्हणजे एखादा बोल्ट किंवा चाकांच्या पायातले काही तुकडे. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या पत्र्यात बसतो तिथे ओल धरली की पत्राच आधी झिजतो. म्हणून बोल्टाचा एक तांबूस ठिपका आणि त्याच्याभोवती पांढरट कडं, एवढंच. तुला हे शहाणपण शिकवतोय, पण माझ्या पहिल्या प्रयत्नात अख्खा पंख विटकरी केला होता मी. पाहणाऱ्याने विचारलं होतं, हा मालगाडीचा डबा का?

यावेळी माझ्या डाकोटासाठी रंगाची बाटली उघडण्याआधी मी एका कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: विमान कुठे उभं आहे, किती वर्षं, आणि लोकांनी त्यातलं काय काय नेलं. पहिलीवरच बाकी सगळं ठरतं. ‘लेडी बी गुड’ हे बी-२४ बॉम्बर एप्रिल १९४३ मध्ये लिबियाच्या वाळवंटात हरवलं आणि १९५८ मध्ये दिसलं. विमानाचं धड मोडलेलं, पण नाकावरचं नाव वाचता येत होतं. कोरडी हवा असं जपून ठेवते. ॲरिझोनात टूसॉनजवळ अमेरिकेने जुनी विमानं हजारोंनी उभी करून ठेवलीत ती याच हवेच्या भरवशावर. उलट आइसलंडच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर डाकोटाचाच एक भाऊबंद १९७३ पासून पडलाय, त्याचं आता नुसतं धड उरलंय. आणि पापुआ न्यू गिनीच्या दलदलीत एक बी-१७ बॉम्बर १९४२ पासून २००६ पर्यंत पाण्यागवतात बसून होतं, तरी जवळजवळ अखंड. तेव्हा ‘जुनं दाखवायचंय’ एवढ्यावर ब्रश उचलायचा नाही. मी माझ्या डाकोटाला पावसाळी माळ दिला आणि वीस-पंचवीस वर्षांचा मुक्काम.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट. तुझ्या फोटोत धडावरचे सगळे ओघळ पॅनल लाइनला, म्हणजे पत्र्यांच्या जोडरेषांना, समांतर आहेत. नीट बघ. डाकोटा शेपटीवर बसतं, नाक वर, शेपूट खाली. म्हणजे उभ्या पॅनल लाइन जमिनीला काटकोनात नसतात, तिरक्या असतात. पाणी मात्र ओळंब्यातच उतरतं. त्यामुळे खिडकीखालचा ओघळ पॅनल लाइनला छेद देत, रिव्हेटांची (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची) रांग तिरकी कापत खाली जायला हवा. मॉडेल हातात आडवं धरून ओघळ ओढले की ही चूक हमखास होते. मीही दोनदा केली. मग विमान चाकांवर टेबलावर ठेवलं, शेजारी दोऱ्याला नट बांधून लोंबता सोडला, आणि प्रत्येक ओघळ त्या दोऱ्याकडे बघत ओढला. वेळ लागला, मान आखडली, पण तिसऱ्या ओघळानंतर विमान जमिनीवर बसल्यासारखं दिसायला लागलं. दुसरा शब्द नाही सुचत.

आणि उडतानाचे डाग पुसायचे नाहीत हं. तेलाचे, धुराचे पट्टे नाकाकडून शेपटीकडे जातात. ते आधी काढायचे, फिके, विटलेले. त्यांच्यावरून पावसाचे ओघळ. दोन दिशा एकमेकींना छेदतात तिथे कुणालाही न सांगता कळतं की हे आधी उडत होतं आणि मग थांबलं. माझ्या मते अख्ख्या मॉडेलचा जीव त्या छेदात आहे. बाकी सगळी मजुरी.

मजुरीचंही सांगतो. आधी मंद चंदेरी रंग. चकचकीत अजिबात नको, उघडा पडलेला पत्रा लवकरच निस्तेज होतो. तो पक्का वाळल्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, वर ॲक्रिलिकचा मुख्य रंग. तासाभराच्या आत कोमट पाण्याने भिजवून आखूड, ताठ केसांच्या ब्रशने घासलं की खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग पापुद्र्याने निघतो. इथे हात आवर. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तर पट लहान मापात, एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचा! तुझ्या पंखावर जे टवके आहेत ते त्या हिशेबाने ताटाएवढे झालेत. पंखाच्या पुढच्या कडेला, दाराच्या चौकटीला, उघडझाप होणाऱ्या झाकणांना टोकदार बारीक टवके दे. बाकी ठिकाणी रंग उडत नाही, विटतो. त्यासाठी वार्निशचा एक हात, मग पांढऱ्या, पिवळसर, फिक्या निळ्या तैलरंगाचे टाचणीएवढे ठिपके, आणि जेमतेम ओलसर ब्रशने ते खाली ओढत ओढत जवळजवळ नाहीसे करायचे. वरची बाजू जास्त विटलेली, पोटाखाली मूळ रंग शाबूत. पंखांच्या वरच्या चिन्हातला लाल मी इतका फिका केला की गुलाबीकडे झुकला.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र शेपूट. डाकोटाचे रडर, एलिव्हेटर (शेपटीच्या उभ्या आणि आडव्या हलत्या फळ्या) आणि एलेरॉन (पंखांच्या हलत्या फळ्या) कापडाने मढवलेले असतात, आणि धातूच्या आधी कापड जातं. मी रडरचं प्लॅस्टिक रिबांच्या, म्हणजे आतल्या आडव्या फासळ्यांच्या, मधून कोरून काढलं, प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्यांच्या नव्या रिबा बसवल्या आणि टिश्यू पेपरच्या चिंध्या पातळ फेविकॉलमध्ये भिजवून दोनच घरांत लोंबत ठेवल्या. पहिल्यांदा पाच घरांत ठेवल्या होत्या, तेव्हा ते वाळत घातलेल्या धुण्यासारखं दिसत होतं. किटमध्ये हे सगळे भाग सरळ रेषेत येतात तेही बदल. आवरायला कोणी नसलं की एलिव्हेटर खाली लोंबतात आणि रडर वाऱ्याने एकीकडे वळून बसतो.

आणि तिसरी गोष्ट, काय काय नेलं. बेवारस विमानाला गंज लागायच्या आधी माणूस लागतो. डावं इंजिन मी बसवलंच नाही, नुसती इंजिनामागची भिंत आणि चार तुटक्या नळ्या. कॉकपिटमधल्या डायलच्या जागी गोल भोकं. एक पॅनल काढून आतला सांगाडा दाखवला, पण त्याआधी कड आतून खरवडून पातळ केली. किटचं प्लॅस्टिक मिलिमीटरभर जाड, खऱ्या मापात सात सेंटिमीटरचा पत्रा झाला की तो! उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसेपर्यंत खरवडत राहायचं.

खिडक्यांची गंमत ऐक. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक भाग पांढुरका होतो म्हणून आपण किती शिव्या दिल्यात. यावेळी मुद्दाम केलं. खिडक्या डबीत ठेवल्या, शेजारी सुपरग्लूचा थेंब, झाकण लावलं. थोड्या वेळाने अगदी उन्हाने आंधळ्या झालेल्या काचा. दोन पुढच्या खिडक्या थोड्या पुसून घेतल्या, कारण सगळ्या सारख्या आंधळ्या बऱ्या दिसत नाहीत.

फजिती सांगितली नाही तर तू म्हणशील हा फुशारक्या मारतोय. चाकाच्या खोबणीत, वार्निश न करताच, इनॅमलचा पातळ वॉश, म्हणजे थिनरमध्ये कालवलेला रंग, ओतला. पाय जरा ताणून बसवला होता. सकाळी बघतो तर पाय मधोमध चिरलेला. अशा थिनरने ताणाखालचं उघडं प्लॅस्टिक तडकतं हे मला माहीत होतं, तरी. शेवटी तोच चिरलेला पाय किंचित खचवून चिकटवला, त्या बाजूचं चाक घासून बसकं केलं, आणि विमान उजवीकडे कललं. आता कोणी विचारलं तर ते आधीपासून ठरवलेलं होतं.

तुझ्या विमानाचा तांबडा गंज तैलरंगाचा असेल आणि खाली वार्निश असेल, तर थिनरमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने बराचसा निघेल. चोळू नकोस, टिपत राहा. काजळी थोडी राहू दे, फिकी झाली तरी हवीच आहे. मग टेबलावर चाकांवर ठेवून, डोळे पंखाच्या पातळीला आणून एक फोटो काढ आणि पाठव.

माझं अडलंय ते एकाच ठिकाणी. दारातून गवताची चार पाती आत शिरलेली दाखवू की नको? दोनदा लावली, दोनदा उपटली. तू बघून सांग.

तुझा,
मिल्या

ता. क. तुझ्याकडचा तो बारीक वाकडा चिमटा पुढच्या वेळी घेऊन ये. माझा रडरच्या कामात धारातीर्थी पडला.