वळणाचं गणित शिकवणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

जर्मनीतून तुम्ही आम्हा पुण्याच्या मंडळींना लेगोच्या आगगाड्यांबद्दल जे जे लिहून पाठवलंत, त्याबद्दल हे आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण ती टिपणं आमच्यापुरती ठेवणं बरं नाही. हा छंद नव्याने धरणाऱ्या प्रत्येकाची गाडी वळणावर अडते, डबे सुटतात, आणि त्यावर "आणखी एक मोटर लावा" एवढाच सल्ला मिळतो. तुम्ही मात्र पहिल्याच पत्रात लिहिलंत: मोटर राहू द्या, आधी वळण मोजा.

लेगोच्या साध्या वळणाची त्रिज्या ४० स्टड (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा; सगळी मापं त्यातच). एक स्टड ८ मिलिमीटरचा, म्हणजे ३२० मिलिमीटर. असे १६ तुकडे जोडले की वर्तुळ पूर्ण होतं. इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत असतं. तुम्ही पुढचं दिलंत. डब्याखालच्या दोन बोग्यांमधलं (चाकांच्या दोन सांगाड्यांमधलं) अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि त्रिज्येच्या आठपटीने भागायचं. उत्तर येईल तितके स्टड डब्याचं पोट वळणाच्या आत सरकतं. बोग्यांमध्ये २८ स्टड असतील तर ७८४ भागिले ३२०, म्हणजे जवळजवळ अडीच स्टड. डबा ८ स्टड रुंद असेल तर त्याची अर्धी रुंदी ४. म्हणजे रुळाच्या मध्यापासून आतल्या अंगाला साडेसहा स्टडपर्यंत डबा पोचणार. डब्याची लांबी ४० स्टड असेल तर टोकाचा कोपरा बाहेरच्या अंगाला सहाच्या थोडा पुढे जातो. म्हणून वळणावर सिग्नलचा खांब, फलाटाची कड, बोगद्याची भिंत, सगळं मध्यापासून ७ स्टड लांब हवं. सरळ रुळावर ५ पुरतात. याच हिशेबाने दुहेरी मार्गाचाही प्रश्न सुटतो: बाहेरचं वळण ५६ त्रिज्येचं घेतलं की दोन मार्गांच्या मध्यांत १६ स्टड राहतात आणि समोरासमोर आलेल्या गाड्या एकमेकींना घासत नाहीत. १०४ त्रिज्येचे रूळ इतर उत्पादकांकडून मिळतात. त्यांवर तोच डबा एका स्टडपेक्षाही कमी सरकतो. पण तेवढं वर्तुळ मांडायला पावणेदोन मीटर रुंदीची जागा लागते, आणि आपल्याकडच्या दिवाणखान्यात ती कुठून आणायची!

तुमची खरी मदत झाली ती आपल्या डब्यांच्या मापांत. बाजारातले संच युरोप-अमेरिकेच्या गाड्यांचे, त्यामुळे भारतीय डब्याचं प्रमाण कुठून धरायचं हा घोळ कायम असायचा. तुम्ही रुळांपासून सुरुवात केलीत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, लेगोच्या रुळांमधलं अंतर सुमारे ३७.५. म्हणजे प्रमाण १:४५च्या जवळ. आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा) ३२४५ मिलिमीटर रुंद असतो. या प्रमाणात तो बरोबर ९ स्टड होतो. कागदावर सुंदर, बांधायला त्रासाचं. विषम रुंदीत बोगीची खीळ मध्यावर आणायची तर जागोजागी जम्पर प्लेटा (अर्ध्या स्टडने सरकवून जोडायच्या पातळ विटा) घालाव्या लागतात आणि डब्याचा तळ कमजोर होतो. म्हणून रुंदी ८ धरायची आणि प्रमाण १:५१च्या आसपास मानायचं, हा तुमचा निर्णय आम्ही डोळे मिटून स्वीकारला नाही, पण हिशेब करून पाहिल्यावर दुसरं काही पटलंही नाही.

लांबीचा प्रश्न याहून कठीण. २१.३ मीटरचा डबा या प्रमाणात साडेबावन्न स्टडचा होतो. बोग्यांमधलं अंतर ३६ स्टड आलं की साध्या वळणावर डबा चार स्टड आत जातो, म्हणजे त्याची बाहेरची भिंत थेट रुळांच्या मध्यावर येते. तो डबा चालेलही, पण बघवणार नाही. तुम्ही सांगितलंत: लांबी ४० करा, बोग्यांमध्ये २८ ठेवा. हे ०.७चं गुणोत्तर मनाने काढलेलं नाही. खऱ्या आयसीएफ डब्यात २१,३३७ मिलिमीटरपैकी बोग्यांची मध्यं १४,७८३ मिलिमीटरवर असतात, तेही तेवढंच. त्यामुळे डब्याचं पोट आत जितकं जातं तितकीच टोकं बाहेर येतात आणि डबा कुठूनही बेढब दिसत नाही. लांबी कापताना खिडक्या अरुंद करायच्या नाहीत, त्यांची संख्या कमी करायची. दारं आणि टोकाचे संडास जागच्या जागी ठेवायचे. खिडकीच्या गजांसाठी ग्रिल टाइल (पट्ट्यापट्ट्यांचा चपटा तुकडा) बाजूने बसवायची, पट्ट्या आडव्या येतील अशा बेताने. आपला डबा लांबूनही ओळखू येतो तो या गजांमुळेच, यावर आमच्यात दुमत नाही.

डबे सुटण्याचं कारणही तुम्ही मुळापासून सांगितलंत. चुंबकाची जोडणी लांब डब्याच्या अंगावर बसवली की वळणावर दोन जोडण्यांची तोंडं एकमेकांपासून वाकडी होतात आणि चुंबक कडेने सुटतो. ती बोगीवर बसवली की रुळाबरोबर वळते. दोन उलटी वळणं लागोपाठ आली तर मध्ये किमान एक सरळ रूळ हवाच. जड डबे इंजिनाजवळ, हलके मागे. उलट केलं तर पुढचा हलका डबा ताणाने आतल्या बाजूला कलंडतो. सर्वांत जास्त ओढ पहिल्या जोडणीवर येते, म्हणून गाडी तुटते ती बहुतेक वेळा तिथेच. आणि एवढं सगळं करूनही गाडी जड वाटली तर इंजिन उलटं करून आसांभोवती गुंडाळलेले केस चिमट्याने काढायचे. तेल घालायचं नाही, त्याला धूळ चिकटते. मोटरच्या चाकांवरची रबराची कडी पुसायची आणि सेलचा खोका नेमका त्या बोगीवर बसवायचा, म्हणजे चाक जागच्या जागी फिरत राहत नाही.

घाटाचं टिपण तर आमच्याकडे छापून भिंतीवर लावलंय. एका सरळ रुळाची लांबी १२८ मिलिमीटर, प्लेटची (पातळ विटेची) जाडी ३.२. दर रुळामागे एक प्लेट चढवली की चढ ४०ला १. आपला बोरघाट ३७ला १. म्हणजे जर्मनीत बसून तुम्ही सुचवलेला सुरक्षित चढ जवळजवळ कर्जत-लोणावळ्याचाच निघाला! दोन रुळांमागे एक पूर्ण ब्रिक, म्हणजे तीन प्लेटा, चढवली तर चढ दीडपट होतो आणि एका मोटरला चार डबेसुद्धा जड जातात. वळण आणि चढ एकत्र आले की घर्षण वाढतं, तेव्हा वळणावर चढ आणखी सौम्य हवा. चढ सुरू होतो त्या जोडाखाली भक्कम आधार नसेल तर जोड उघडतो आणि पुढचं चाक तिथेच उचललं जातं. मागून बँकर (गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन) लावायचा तर त्याची ताकद पुढच्या इंजिनापेक्षा किंचित कमी ठेवायची, कारण गाडी मागून दाबली गेली की वळणावर बफर एकमेकांत अडकतात. पॉवर्ड अपच्या (लेगोच्या बॅटरीवरच्या मोटर-प्रणालीच्या) ट्रेन मोटरमध्ये फेरे मोजणारा सेन्सर नसतो. त्यामुळे पायब्रिक्समध्ये (हबसाठी प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोग्रॅम लिहिला तरी आपण फक्त ताकद ठरवतो, वेग नाही. हब, म्हणजे मोटरला वीज आणि हुकूम देणारा सेलचा खोका, सहा एएए सेलांवर चालतो. साधे सेल मिळून ९ व्होल्ट देतात, रिचार्जेबल सेल ७.२, हा फरक चढावर लगेच जाणवतो.

जुन्या संचांच्या संग्रहाबद्दल थोडक्यात. १९६६चे निळे रूळ, १९८० सालची करड्या रुळांची १२ व्होल्टची मालिका, १९९१ची धातूच्या रुळांची ९ व्होल्टची, असा क्रम लावून तुम्ही कुठे काय तपासायचं ते सांगितलंत. ९ व्होल्टच्या रुळांवरचा पत्रा टोकाशी उचललेला नाही ना, वायरीचं आवरण भुसभुशीत झालं नाही ना, हे आधी बघायचं. रूळ काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही. मार्ग लांब असेल तर वीज दोन ठिकाणांहून द्यायची, मात्र दोन्हीकडे ध्रुव सारखेच ठेवून. आणि गाडी फिरून त्याच रुळावर उलट्या तोंडाने परत येईल असा लूप या मालिकेत घालायचा नाही, तिथे थेट शॉर्टसर्किट होतं. बॅटरीवरच्या गाड्यांना ही अडचण नाही, आणि त्या याच धातूच्या रुळांवर खुशाल चालतात.

ताई, या सगळ्यासाठी तुम्ही वेळ काढलात, आकृत्या काढून पाठवल्यात, एकच शंका वेगवेगळ्या लोकांनी विचारली तरी दर वेळी पूर्ण उत्तर दिलंत. तुमच्या हिशेबावर बांधलेले निळे डबे आता न अडखळता चालतात. मनापासून आभार.

आता एक विचारायचं आहे. घाटातल्या ७२ त्रिज्येच्या वळणावर चढ ६०ला १ ठेवावा असं आमचं मत झालंय, म्हणजे सरळ रुळाच्या मापाने दर दीड रुळामागे एक प्लेट. अर्ध्या रुळाखाली आधार कसा द्यावा, तेवढं सवडीने कळवा.

तुमचेच,
पुण्यातली आम्ही सगळी मंडळी