जुना गीझर उतरवायला आलेल्या वायरमन काकांना

वायरमन काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव नको असं तुम्हीच सांगितलंत. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही आमच्या न्हाणीघरात जे केलंत ते लातुरातल्याच नाही, तर बोअरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या प्रत्येक गावातल्या घरात पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला बोलावलं होतं ते जुना गीझर काढून नवा बसवायला. टाकीच्या तळातून पाणी झिरपत होतं, भिंतीवर गंजाचा ओघळ उतरला होता आणि नव्याचे पैसे आम्ही बाजूला ठेवले होते. याआधी दोन्ही हिवाळ्यांत कॉइल जळाली, ती बदलून मिळाली, पण ती का जळते हे कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा पहिला प्रश्न मात्र गीझरच्या कंपनीबद्दल नव्हता. "ताई, पाणी कुठलं? धरणाचं की बोअरचं?" असं तुम्ही विचारलंत. धरणाचं पाणी येतं तेव्हा ते, एरवी बोअरचं, असं मी म्हटलं. मग उतरवलेला गीझर भंगारात न टाकता तुम्ही अंगणात आणलात, खालचे नट सोडवलेत आणि आम्हा सगळ्यांना बघायला बोलावलंत.

आतून निघालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. कॉइल दिसतच नव्हती. तिच्याभोवती पिवळसर पांढरा दगडी थर चढला होता, काही ठिकाणी करंगळीएवढा जाड. टाकीच्या तळाशी त्याच थराचे तुकडे आणि पूड साचली होती, ती तुम्ही घमेल्यात ओतलीत. माझ्या मुलीच्या हातात एक तुकडा देऊन लिंबाची फोड आणायला सांगितलंत. लिंबू पिळल्याबरोबर तुकड्यावर बुडबुडे फसफसले. "हा चुनखडीचाच भाऊबंद," तुम्ही म्हणालात. ती नववीत आहे, कॅल्शियम कार्बोनेट तिने पुस्तकात वाचलं होतं. आपण रोज अंघोळ करतो त्या पाण्यातून ते निघालं हे तिने त्या दिवशी पाहिलं.

तुम्ही सांगितलेलं मी पुढे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून समजून घेतलं, ते असं. पावसाचं पाणी मुळात मऊ असतं. जमिनीत मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्ल होतं. मग आपल्या काळ्या बसाल्टच्या भेगांतून खाली उतरताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत जातं. जितकं खोल आणि जितका जास्त काळ मुरलेलं, तितकं सहसा ते जड. तेच पाणी गीझरमध्ये तापलं की कार्बन डायऑक्साइड सुटून जातो आणि विरघळलेलं कॅल्शियम पुन्हा दगड होऊन बसतं. बसतं ते सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे कॉइलवर. पाणी जितकं कडक तापवाल तितका थर झपाट्याने चढतो. ६० अंशांच्या पुढे तर फारच.

सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. औशाच्या वाड्यातला तांब्याचा बंब त्यांना आठवला. त्याच्या आतल्या नळकांड्यावर असाच थर धरायचा आणि दिवाळीआधी तो खरवडून काढायचं काम घरातल्या मुलांवर असायचं. बंबाचं झाकण उघडून आत बघता यायचं, गीझरचं पोट बंद. तुम्ही त्यांचं बोलणं हातातलं काम थांबवून ऐकलंत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं कारागिराने असं ऐकून घ्यावं, याचं मला फार बरं वाटलं.

मग तुम्ही एक गोष्ट स्पष्ट केलीत आणि तिथे माझा सगळा गोंधळ मिटला. गीझरची दोन दुखणी वेगळी आहेत. थर चढला की कॉइल मरते, कारण तिची उष्णता पाण्यात जायला वाट मिळत नाही आणि ती आतल्या आत भाजून निघते. कॉइल बदलता येते. टाकी मात्र गंजाने मरते आणि टाकी गेली की गीझर गेला. गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, ॲनोड म्हणतात तो. थोरल्या भावाने धाकट्याच्या वाटचा मार आपल्या अंगावर घ्यावा तसा तो टाकीऐवजी स्वतः झिजत राहतो. क्षाराच्या पाण्यात तो लवकर संपतो. आमच्या गीझरमधला रॉड तुम्ही दाखवलात तेव्हा नुसती तार उरली होती. एवढ्या वेळा गीझर उघडला गेला, पण या रॉडचं नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

वीजबिलाबद्दलही तुम्ही खरं बोललात. थरामुळे बिल दुप्पट होतं असं कुणीतरी आम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात की विजेच्या गीझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते, उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. बिल फार वाढत नाही, कॉइल मात्र मरते. गॅसच्या गीझरची गोष्ट निराळी, तिथे थराने अडलेली उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. घाबरवून महागडं यंत्र विकण्याची संधी समोर होती आणि तुम्ही ती घेतली नाहीत, यासाठी वेगळे आभार.

नवा कोणता घ्यायचा यावर आमच्या घरात दोन मतं होती. मुलीच्या बाबांना तीन लिटरचा इन्स्टंट हवा होता, लहान आणि स्वस्त. त्याची तीन हजार वॅटची कॉइल जेमतेम तीन लिटर पाण्यात तापते, आपल्या पाण्यात ती फार दिवस टिकणार नाही, असं तुमचं मत पडलं. तुम्ही जमिनीवर खडूने हिशेब मांडलात. पंधरा लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांना तापवलं आणि २५ अंशांचं गार पाणी मिसळून ४० वर आणलं, तर साधारण ३५ लिटर अंघोळीचं पाणी मिळतं. पंचवीस लिटरची टाकी ५० अंशांवरच ठेवली तर मिळतं जवळजवळ ४२ लिटर. म्हणजे टाकी थोडी मोठी घ्यायची, पाणी कमी तापवायचं, थर हळू चढतो आणि पाणीही पुरतं. आठवड्यातून एकदा थर्मोस्टॅट ६० वर न्यायचा, म्हणजे कोमट पाण्यात जंतू वाढत नाहीत, हेही तुम्ही विसरला नाहीत. टाकी आतून काचेच्या लेपाची, ॲनोड सहज काढता येईल अशी, आणि वर आयएसआयचा शिक्का. स्टेनलेस स्टीलची का नको, हे मी विचारलं. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर स्टीललाही जोडाजवळ बारीक छिद्रं पडतात, हे तुमचं उत्तर. दुकानातल्या कुठल्याही पत्रकात मला हे सापडलं नव्हतं.

काका, एवढं सगळं झालं तरी मी हे पत्र लिहायला बसले ते खरं तर पुढच्या गोष्टीसाठी.

चहा घेताना सासूबाई सहज म्हणाल्या, की नळाला ओला हात लावला की मुंग्या येतात. त्यांना संधिवात आहे, मुंग्यांची तक्रार त्यांची नेहमीचीच. तुम्ही कप खाली ठेवलात. उठून जुन्या कॉइलवरचा थर पक्कडीने फोडलात आणि आतल्या तांब्याच्या नळीला गेलेली चीर आम्हाला दाखवलीत. जास्त तापून नळी तडकते, आत पाणी शिरतं आणि करंट पाण्यात उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो किंवा ट्रिप होतं. आमच्याकडे दोन्ही होत नव्हतं. तुम्ही पॉवर पॉइंटच्या फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थिंगमध्ये शंभराचा बल्ब लावलात, तो नुसता मंद लाल दिसला. अंगणातला अर्थिंगचा खड्डा पावसाळा संपल्यापासून कोरडा पडला होता, माती भेगाळून आतल्या धातूच्या पट्टीपासून सुटली होती. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी सुकते की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. पाण्याच्या टंचाईचा हाही एक धोका आहे, याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

नवा गीझर भिंतीवर चढला, पाणी भरलं, गळती तपासली. आणि मग तुम्ही त्याचा प्लग काढून तुमच्या पिशवीत टाकलात. "खड्डा नवा होईपर्यंत हा माझ्याकडे," म्हणालात. आम्ही चालू करणार नाही असा शब्द देत होतो. तुम्ही हसून मान हलवलीत, पण प्लग काही परत दिला नाहीत. सासूबाईंचं पाणी त्या काळात गॅसवर तापलं. कोळसा आणि मीठ भरून खड्डा नवा झाला, त्यात पाणी ओतायला पाइप सोडला, बल्ब लख्ख पेटला, बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसली, आणि मगच तुम्ही प्लग जोडलात. त्या दुसऱ्या खेपेची मजुरी तुम्ही घेतली नाहीत. ती मला अजून द्यायची आहे.

सकाळी नळाला हात लावणारं माणूस आपलं नाही, दुसऱ्याच्या घरातलं आहे, तरी त्याच्यासाठी एवढा हट्ट धरणाऱ्या माणसाचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही. म्हणून तुम्ही सांगितलेलं इथे लिहून काढते आहे, ते वाचणाऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून.

इनलेटवरचा, म्हणजे गार पाणी गीझरमध्ये शिरतं तिथला, सेफ्टी वॉल्व्ह ठिबकला तर त्याला बूच मारायचं नाही. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटर पाणी २५ वरून ६० अंशांना नेलं तर पाव लिटरहून जास्त पाणी वाढतं आणि ते बाहेर पडायला वाट लागते. क्षाराने वॉल्व्ह अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा त्याची कळ उचलून पाणी जाऊ द्यायचं. वर्षातून एकदा मेन बंद करून, प्लग काढून, टाकी रिकामी करून कॉइल आणि ॲनोड बघायचे. थर काढायला कोमट पाण्यात लिंबूसत्त्व, आणि खरवडायला लाकडी पट्टी. फरशीचं ॲसिड कधीच नाही, ते थराबरोबर धातूही खातं. हे काम ज्याला येतं त्यानेच करायचं. टीडीएसचं मीटर पाण्यातले सगळे क्षार एकत्र मोजतं, जडपणा वेगळा कळत नाही. तो जाणून घ्यायचा तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्यायचा. आम्ही दिला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर ६००. आमच्या बोअरचं पाणी त्या ६०० च्याही वर निघालं. डाळ का शिजत नाही आणि साबणाला फेस का येत नाही, याचा कागदच हातात आला.

सॉफ्टनरचं, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचं, मी विचारलं होतं. तो मिठावर चालतो, पाणी खरोखर मऊ करतो, पण तो स्वतः मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो तेव्हा बरंच पाणी वाया घालवतो आणि ते खारं पाणी झाडांना घालता येत नाही, असं तुम्ही सांगितलंत. ज्या गावाला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मला ते पटेना. त्याऐवजी गच्चीचं पावसाचं पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडायचं आम्ही ठरवलं आहे. त्याने जडपणा किती उतरतो ते पुढच्या वर्षी पुन्हा नमुना देऊन बघू. कागद तुम्हालाही दाखवीन.

तुमच्यासोबत जो मुलगा हाताखाली काम शिकायला येत होता, त्यालाही आमचा नमस्कार सांगा. बल्ब लावून अर्थिंग कसं तपासायचं ते तुम्ही त्याला आधी समजावलंत, मग आम्हाला. तो शिकतोय याचा मला आनंद आहे, कारण या शहरात असे गीझर पुष्कळ आहेत.

ॲनोडचा रॉड दुकानातून आणून ठेवला आहे, गीझरच्याच मॉडेलचा. दिवाळीनंतर सवड झाली की या. मागच्या खेपेची मजुरी पाकिटात घालून ठेवली आहे. या वेळी ती घेतल्याशिवाय सासूबाई तुम्हाला उठू देणार नाहीत.

आपली कृतज्ञ,
एक लातूरकर