कंट्रोल रूममध्ये घरचाच कॉम्प्युटर कशाला?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका केमिकल प्लांटमध्ये मी ३१ वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे मोजमापाच्या आणि कंट्रोलच्या उपकरणांचं काम केलं, आता रिटायर होऊन दांडिया बाजारात राहतो. परवा नातवाचा लॅपटॉप अपडेट घेता घेता अडकला आणि मला आमची एक रात्रपाळी आठवली. रिॲक्टरचं टेंपरेचर स्क्रीनवर एकदम नॉर्मल दिसत होतं, पण दहा मिनिटं झाली तरी आकडा जागचा हलेना, तेव्हा कळलं की कंट्रोल रूमचा विंडोज पीसीच हँग झालाय आणि आपण जुनं चित्र बघत बसलोय. फील्डवरच्या पोऱ्याला वॉकीटॉकीवर सांगून गेज वाचून घेतला. प्लांट प्रत्यक्ष चालवणारा कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, वेगळा होता, त्याचं काम चालू होतं, म्हणून निभावलं.

विंडोज वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, घरी ऑफिसात मीही तेच वापरतो. पण पूर्वी पॅनलवर प्रत्येक अलार्मचा वेगळा दिवा, हॉर्न आणि कागदावर चालणारं पेन रेकॉर्डर असायचं, एक बिघडलं तरी बाकीचं दिसायचं. आता सगळं एका डेस्कटॉपच्या भरवशावर. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेत ओहायोच्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम, शिरला आणि सुरक्षेचे आकडे दाखवणारी सिस्टीम जवळपास ५ तास बंद पडली, नशीब की प्लांट तेव्हा बंदच होता. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स बसली, आपल्या एअरपोर्टवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले ते सगळ्यांनी बघितलंच.

शिवाय प्लांट वीस-पंचवीस वर्षं चालतो, ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी टिकत नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ ला संपला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ ला. बदलायची तर शटडाऊन घ्यावा लागतो म्हणून जुनीच चालू ठेवतात आणि वर त्याच पीसीला कुणीतरी पेनड्राइव्ह लावतं!

बडोद्याला कोयलीची रिफायनरी आहे, गोत्रीला राज्याच्या वीजपुरवठ्याचा तोल सांभाळणारं लोड डिस्पॅच सेंटर आहे, त्यामुळे हा विषय आपल्या दाराशीच आहे. कंट्रोल रूमच्या पीसीला इंटरनेट आणि यूएसबी नकोच, अपडेट आधी दुसऱ्या मशीनवर तपासावं, आणि महत्त्वाचे दहा-बारा अलार्म तरी थेट वायरने पॅनलवर द्यावेत. शिवाय स्क्रीनच्या कोपऱ्यात कंट्रोलरकडून येणारा सेकंदाचा आकडा दाखवायला फारसा खर्च नाही, तो थांबला की ऑपरेटरला लगेच समजतं. त्या रात्री आमच्याकडे तेवढंही नव्हतं.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा