त्या मुलाला आत बोलाव

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज भरून आला होता. आयसीयूत फिजिओथेरपी देताना पेशंटचा मुलगा तुझ्यावर ओरडला, "आमचे बाबा मरणाच्या दारात, आणि तुम्ही व्यायाम कसले करवता?" तुला नीट समजावता आलं नाही मला, म्हणून लिहिते.

त्याचा राग मला कळतो. अशा पेशंटच्या अंगावर सूज असते, त्यामुळे घरच्यांना मांडी भरलेलीच दिसते. पण स्नायू आतून झडत असतो. लंडनमध्ये ६३ अतिदक्षता रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू मोजला, ते २०१३ साली छापून आलं. दहा दिवसांत तो जवळजवळ १८ टक्के घटला होता! नुसतं पडून राहिल्यानं नाही होत हे. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयवच बिघडू लागणं, स्नायू आणि नसा दोन्ही पोखरतो. श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वास ओढणारा स्नायू, तेही दुबळं होतं, मग व्हेंटिलेटर काढताना दम पुरत नाही.

माझा एक पेशंट आठवतो, कोकणातला भातशेती करणारा, लेप्टोच्या तापातून वाचलेला. शुद्धीवर आला तेव्हा चहाचा कप उचलेना. "बाई, हा हात माझा नाही," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. बायको म्हणे, "जरा मनावर घ्या ना." मला फार वाईट वाटलं. मनाचा प्रश्नच नव्हता गं तो. असं तुझ्यासमोर कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबव.

ताकद तपासण्याआधी पेशंटला आपलं बोलणं समजतंय का ते बघ: डोळे उघडा, माझ्याकडे बघा, जीभ काढा, मान हलवा, पाच म्हटल्यावर भुवया उंचवा. मग हातापायांच्या दोन्ही बाजूंच्या सहा-सहा हालचाली, प्रत्येकीला पाचपैकी, असे एकूण ६० पैकी गुण. ४८ च्या खाली म्हणजे खरा अशक्तपणा.

पण उत्साहात घाई नको. २०२२ च्या ७५० रुग्णांच्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्यांना लवकर आणि जास्त हालचाल करवून जास्त फायदा झाला नाही. उलट ठोके चुकणं, बीपी ढासळणं वाढलं. मॉनिटरवरून नजर हलवू नकोस. बिघडलं की थांब, त्यात कमीपणा नाही.

उद्या सिस्टरना विचारून त्या मुलाला हात धुऊन आत घे. बाबांची टाच त्याच्या तळहातावर ठेव, घोटा कसा हळू वाकवायचा ते दाखव. काय म्हणाला ते रात्री कळव.

तुझी,
आई